माझ्याच कातडीचं ठिगळ

माझ्या पोटाला भोक पडलं ते कापसामुळे, आणि ते बुजवताना घराण्याची अब्रू बाहेर पडली ती माझ्या बायकोच्या मामामुळे. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या.

ते वर्ष कापसाच्या तेजीचं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत कुठेतरी भाऊबंदकी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीत अक्कल सोडून बाकी सगळं पिकायला लागलं. काल ज्याच्या भाकरीवर तेलाचा थेंब नव्हता, तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून अमरावतीला येत होता. आमच्या भातकुलीकडच्या एका शहाण्याने विलायती घड्याळ आणलं. त्याला ते वाचता येत नव्हतं. टोले पडले की तो शेजाऱ्याला विचारी, "किती वाजले बे?" आणि शेजारी आधी सूर्याकडे पाही. (तो शहाणा मीच, हे आताच सांगून टाकतो. घड्याळ अजून आहे, चालत नाही.)

त्या दिवसांत अमरावतीच्या कापूसबाजारात हमालाचा मान जावयापेक्षा मोठा झाला होता. गाड्यांची रांग कोसभर, आणि बोजे उतरवायला माणूस नाही! माझ्या गाडीपाशी तासाभराने एक हमाल आला, त्याने चिलीम पेटवली आणि म्हणाला, "मालक, जेवून येतो. तवर तुमीच उतरवा ना. शेतकरीच हा न तुमी?"

आता माझ्या अंगावर जरीकाठी उपरणं, पायात अचलपूरचा कोरा जोडा. असा माणूस बोजा उचलत नाही, उचलवून घेतो. मी उपरणं सावरून दुसरीकडे पाहिलं. पण शेजारच्या गाडीवरून कुणीतरी म्हणालं, "आता दवलतरावाच्यानं काय होते बाप्पा! आता त्याच्यानं घड्याळच उचलते!" झालं! पन्नास माणसं हसली, आणि मी जोडे काढले.

बोजा खांद्यावर आला, हे खरं. त्याच क्षणी उजव्या जांघेच्या वर आत काहीतरी 'टप्' झालं, हेही खरं. लोक ओरडले, "वा रे पठ्ठे!" मी हसलो. ते हसू चार दिवस तोंडावर तसंच राहिलं, कारण तोंड हलवलं तरी खाली दुखत होतं.

चार दिवसांनी तिथे लिंबाएवढा फुगा आला. आठवड्याने तो कवठाएवढा झाला. उभा राहिलो की बाहेर, आडवा झालो की आत. आमच्या वैद्याने बोटाने दाबून पाहिलं आणि सांगितलं, "अंतर्गळ हाय. पोटाच्या पडद्याले भोक पडलं, तिथून आतडं बाहीर डोकावून राह्यलं." मग त्याने त्यावर एरंडेलाचा लेप दिला. लेपाने आतडं आत गेलं नाही, पण माशा बाहेरून आल्या.

माझी बायको काशी हिने यावर एकच प्रश्न विचारला. "हमालाचं काम करा म्हून कोनं सांगतलं होतं तुमाले?" (त्या प्रश्नाचं उत्तर मी तीस वर्षं शोधतो आहे.) शेवटी तिनेच जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, घरच्या कापसाची जाड गादी केली, ती फुग्यावर ठेवून करकचून बांधली, आणि वर धोतर नेसायला लावलं.

इथे माझ्या धाकट्या भावाला आणलं पाहिजे, कारण या सगळ्यात जीव टांगणीला लागला तो त्याचा. सुदाम माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील गेल्यापासून मीच त्याचा बाप. स्वभावाने गाय, पण बोलताना अडखळायचा, म्हणून दोन ठिकाणांहून नकार आला होता. शेवटी अकोल्याच्या संपतरावांनी आपली गंगू द्यायचं कबूल केलं. सुदामने तिला एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं होतं. ती पाणी वाढत होती, आणि याला "बस" म्हणायला जो वेळ लागला तेवढा वेळ ती न हसता तांब्या धरून उभी राहिली. एवढ्यावर गडी विरघळला! मला म्हणाला, "दादा, हे मोडू देऊ नका." ते वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि आयुष्यात त्या एकदाच मी कुणाच्या बोलण्यात मध्ये तोंड घातलं नाही. मी त्याला शब्द दिला.

आता आमच्याकडे लग्नात व्याहीभेट असते. दोन्हीकडचे व्याही, आमच्या बोलीत इवाई, मांडवात गळ्याला गळा लावतात, आणि मग एकमेकांना जमिनीवरून वर उचलतात. ज्याला समोरचा उचलवला नाही त्याचं घर हलकं, असा न्याय. कुणी ठरवला ते ठाऊक नाही. ज्याने ठरवला तो नक्की सडपातळ व्याह्याचा व्याही असणार. कारण आमचे संपतराव! तेजीत ज्याला त्याला काहीतरी चढलं. त्यांना चरबी चढली. ते बसले की बैलगाडीचा बैल मागे वळून पाही.

मी काळजीत होतो. त्याच काळजीत एक दिवस कापूसबाजारात गेलो, आणि परतताना दारावरच्या शिपायाने मला अडवलं.

"धोतरात काय हाय?"

"काई नाई."

"काई नाई तं येवढं मोठं कसं दिसते?"

तेजीचे दिवस. मूठभर कापूसही लोक पागोट्यात, बाराबंदीत, बायका ओटीत लपवून नेत. शिपायाने सरळ हात घातला आणि पट्ट्यातून कापसाचा पुंजका ओढून काढला. बाजार जमा झाला! मी ओरडलो, "अरे, हा माह्या घरचा कापूस हाय!" शिपाई म्हणाला, "सारे चोर असंच म्हणतेत." मी म्हणालो, "कापसाच्या खाली माहं आतडं हाय!" त्यावर एक अडत्या शांतपणे म्हणाला, "मंग ते बी तोलून घ्या."

चोरीच्या आळावरून मला सरकारी दवाखान्यात नेलं, झडतीसाठी. चोर सोडवायला लोक वकील करतात. माझी सुटका डॉक्टराने केली. दवाखान्याच्या साहेबाने मला आडवं केलं, खोकायला लावलं, फुगा आत सारला, पुन्हा खोकायला लावलं, आणि तीन वेळा हे केल्यावर शिपायाला हाकलून दिलं. मग तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. त्याच्या कंपाउंडरने, करीमभाईने, ते आमच्यासाठी सोपं केलं.

"साहब बोल रहे, कपड़ा फट गया तो क्या करते? ठिगल लगाते. वैसाच करेंगे."

"ठिगळ कायचं?" मी विचारलं.

"तेरेच चमड़े का."

मग त्याने हाताने दाखवलं. भोकाजवळची माझीच कातडी बोटाने आत ढकलायची, त्या भोकात तिचंच बूच बसवायचं, टाका घालून आठ-नऊ दिवस हलू द्यायचं नाही. मांस मांसाला धरतं आणि वाट बंद होते. बाहेरचं काही नाही. मला ती युक्ती फार आवडली. घरचाच माल, घरचंच भोक! मी लगेच हो म्हटलं, आणि आनंदात घरी येऊन ते सांगितलं. हीच चूक झाली, कारण घरी नारबामामा होते.

नारबामामा म्हणजे काशीचे मामा. चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. जातीच्या पंचायतीत त्यांचं बसणं-उठणं. कुणाच्या ताटाला कुणाची सावली लागली, हे त्यांना कोसभरावरून कळे. आपल्या ताटात किती वेळा वाढलं, हे मात्र कळत नसे.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "ठिगळ तुमच्याच कातडीचं, हे त्या गोऱ्यानं सांगतलं. तुमी पाह्यलं काय?"

"अजून लावलंच नाई, तं पाहू काय?"

"हेच तं! लावतानी तुमी बेसुद असान. मंग त्यानं बकऱ्याचं लावलं, डुकराचं लावलं, नाई तं पलटणीतल्या एखांद्या मेल्या सोजिराचं लावलं, कोनाले कळन? आन् तसं पोट घेऊन तुमी पंगतीत बसान? अकोलेवाले पोरगी देतीन?"

काशी चुलीपासून म्हणाली, "मामा, बकऱ्याचं कातडं काय रस्त्यावर पडलं हाय? ह्यायच्यासाठी कोन वाया घालवन?"

पण सुदामचं तोंड उतरलं होतं. ते पाहिलं आणि मीही मामांच्या नादी लागलो. खरं सांगायचं तर मलाही आतून ते पटलं होतं. आमच्या घराण्याच्या पोटात परकी कातडी! कल्पनेनेच अंगावर काटा आला. (अंगावरचा काटा घरचाच होता, एवढंच समाधान.)

मग अटी ठरल्या. एक, ठिगळ माझ्याच कातडीचं, हे साहेबाने लिहून द्यायचं. दोन, टाक्याचा धागा आमच्या शेतातल्या कापसाचा, काशीने हाताने काढलेला. कारण मामांनी कुठून तरी ऐकलं होतं की गोरे लोक मेंढीच्या आतड्याचा धागा वापरतात. तीन, पंचांच्या वतीने नारबामामा समोर बसून सगळं डोळ्यांनी पाहणार.

साहेबाने पहिली अट ऐकून एक इंग्रजी वाक्य म्हटलं. करीमभाईने त्याचं भाषांतर केलं नाही. दुसऱ्या अटीवर मी मात्र अर्धा तास भांडलो. आमचा कापूस म्हणजे उत्तम बनी, लांब तंतूचा, असं मी सांगत होतो. साहेब मध्ये मध्ये बोटांवर मोजून काहीतरी बजावत होता, करीमभाई ते मला सांगत होता, पण मी कापसावर बोलायला लागलो की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. शेवटी करीमभाईने काशीचा धागा घेतला आणि दोन बोटांत हलकेच ओढला. तुटला. दुसरीकडून ओढला. तिथेही तुटला.

"ये बनी है?" तो म्हणाला. "बनी में जरी मिलाया तूने."

जरी म्हणजे आखूड तंतूचा हलका कापूस. मी छताकडे पाहिलं. त्या वर्षी सगळेच मिसळत होते, पण ते दवाखान्यात उघडं पडावं असं कुणालाच वाटत नव्हतं. साहेबाने आपला रेशमाचा धागा दाखवला, तेव्हा मामा चटकन म्हणाले, "रेशीम चालते. रेशीम सोवळ्याचं असते!" आणि असा तो प्रश्न धर्माने सोडवला.

नेमल्या सकाळी मी टेबलावर आडवा झालो. मामा कोपऱ्यात पाटावर बसले, पागोटं नीट करून, साक्षीदाराच्या थाटात. करीमभाईने माझ्या तोंडावर औषधाचा रुमाल धरला. गोडसर, उग्र वास आला. मला आठवतं ते इतकंच की मामा पुढे वाकून "हे काय हाय, पाहू बरं," म्हणाले, आणि बाटलीच्या तोंडाशी त्यांनी नाक नेलं.

मी जागा झालो तेव्हा शेजारच्या खाटेवर मामा झोपले होते. त्यांच्या कपाळाला पट्टी होती. पाटावरून पडताना खोक पडली होती, आणि तिला साहेबाने दोन टाके घातले होते. माझ्यापेक्षा एक जास्त!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. पण आपण बेशुद्ध पडलो हे पंचांना सांगायची मामांना लाज वाटली, म्हणून त्यांनी सगळं पाहिल्याचं सांगायला सुरुवात केली. मी नऊ दिवस पाठीवर निजलेला. काशी दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर माझी भाकरी करायची, आणि कडुलिंबाखाली मामा भाकरीची वाट पाहत गाडीवाल्यांना हकीकत सांगायचे. पहिल्या दिवशी साहेबाने सुरी घेतली. दुसऱ्या दिवशी सुरी हातभर झाली. चौथ्या दिवशी मामांनी रंगात येऊन सांगितलं, "मंग साहेबानं एक पिशवी उघडली..."

"पिशवीत काय होतं जी?" एका गाडीवाल्याने विचारलं.

मामा गडबडले. पिशवी त्यांनी शोभेसाठी घातली होती. तिच्यात काय ठेवायचं हे ठरलं नव्हतं. ते म्हणाले, "ते मले सांगता येत नाई."

बस! गाडीवाले कापूस घेऊन अकोल्याच्या वाटेला लागले आणि पिशवी त्यांच्यासोबत गेली. बडनेऱ्याला पोचेपर्यंत तिच्यात बकरा होता. मूर्तिजापूरला बकऱ्याचा सोजीर झाला. अकोल्याला पोचला तेव्हा सोजीर लढाईत मेलेला, सहा फूट उंच आणि लाल केसांचा होता.

दहाव्या दिवशी साहेबाने टाका काढला. बूच घट्ट धरलं होतं. खोकलो, उभा राहिलो, पुन्हा खोकलो. काही बाहेर आलं नाही. जांघेपाशी फक्त एक खोल खळी राहिली. मला इतका हर्ष झाला की मी करीमभाईला मिठी मारून उचलायला गेलो. तो ओरडून मागे सरला. "साहब ने बोला था ना! छह महीने पानी का घड़ा भी नहीं उठाना!"

"कवा बोलला होता?"

"तू धागे पे लड़ रहा था तब!"

लग्न महिन्यावर होतं. मी घरी आलो तर अकोल्याहून संपतरावांचा माणूस निरोप घेऊन बसलेला. निरोप असा: "इवाई, पोरगी आमी तुमच्या घरी देऊन राह्यलो. पन तुमच्या पोटात सोजीर हाय म्हून आमी ऐकलं. येऊन पंचाइसमोर खुलासा करावा. नाई तं सोयरीक मोडली समजा."

सुदाम ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि खांबाचा पोपडा नखाने काढत बसला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत असं मला आठवतं. काशीला तसं आठवत नाही.

अकोल्याला संपतरावांच्या अंगणात पंच बसले. पाच जण; पाचांची मिळून जेवढी वर्षं होती तेवढी अक्कल असती तर मी हे लिहीत नसतो. मामांची साक्ष सुरू झाली. ते पिशवी वगळून सगळं सांगत गेले. सुरी, रेशीम, माझीच कातडी, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. वडील पंचाने मान हलवली आणि सहज विचारलं, "भोक कोन्या अंगाले होतं? डाव्या का उजव्या?"

मामा म्हणाले, "डाव्या."

मी उजव्या अंगावर हात ठेवून उभा होतो. अंगणात कुजबूज झाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "माह्या डाव्या. मी समोर बसलो होतो ना!"

"समोर बसले होते, मंग कपाळाले काय लागलं?" वडील पंचाने विचारलं.

मामांचा बांध फुटला. "बसलो होतो जी! पन मंग झोपलो!"

म्हणजे साक्षीदार नाही. साहेबाने कागद दिलेला नाही. वडील पंच दाढी खाजवून म्हणाला, "मंग आता कातडंच पाहा लागन. गोऱ्याचं असन तं गोरं दिसन, आपलं असन तं काळं. त्यात काय येवढं?"

त्यात काय येवढं! जागा कुठली, हे त्याला ठाऊक होतं की नाही? मी संतापून उठलो. ठणकावून सांगणार होतो की या दवलतरावाचं धोतर कुणा पंचापुढे सुटणार नाही, लग्न गेलं खड्ड्यात! तेवढ्यात सुदाम उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द निघेना. पंचांपैकी एक जण हसला. त्या हसण्याने मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "राहू दे सुदाम. कनात बांधा!"

अंगणाच्या कोपऱ्यात कनात बांधली. एकेक पंच आत येऊन वाकून पाहून गेला. एकाने बोटाला थुंकी लावून घासून पाहिलं, रंग निघतो का ते. वडील पंचाला कमी दिसे, म्हणून भरदुपारी कंदील मागवला! देवाची मूर्ती पाहावी तसे येत होते, फक्त देवासमोर माणूस काही ठेवतो तरी. शेवटी निकाल बाहेर सांगितला गेला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा: "काळं हाय! चांगलं काळंभोर हाय! घरचंच हाय!" कुणीतरी "हर हर महादेव" म्हणालं. सुदाम खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला. सोयरीक वाचली.

इथवर माझी काही चूक नव्हती. असली तरी ती दहाजणांत वाटलेली होती. पुढची मात्र सगळी माझी.

लग्नाच्या आधी काशीने शहाणपणा केला. विहीणबाईंना बाजूला घेऊन सहा महिन्यांची गोष्ट सांगितली. विहीणबाईंनी संपतरावांना सांगितलं. संपतराव मोठ्या मनाचे, माझ्या कानात म्हणाले, "इवाई, काई चिंता करू नोका. आपन नुसते गळ्याले भेटू. उचलाउचली मी बंद केली म्हून सांगतो. माहेच गुडघे दुखून राह्यले." इतकी सोय सासुरवाडीने जावयाचीसुद्धा केली नसेल.

मांडवात भेटीची वेळ आली. डफडं वाजत होतं, सनई वाजत होती. संपतरावांनी हात पसरले. मी गळ्याला भेटलो. हळदीचा, घामाचा, अत्तराचा वास आला. भेट झाली. मी मागे सरणार, एवढ्यात गर्दीतून एक आवाज आला. "राहू द्या, राहू द्या! ठिगळाचं पोट हाय!"

मांडव हसला.

समोर संपतराव डोळ्यांनी नाही नाही म्हणत होते. पलीकडून काशी मानेने नाही नाही म्हणत होती. बोहल्यावरून सुदामसुद्धा हात हलवत होता. मला कुणी दिसलं नाही. मी विचार केला, पंचांनी कंदील लावून तपासलेलं पोट आहे! काळंभोर! घरचं! आणि मी वाकलो, संपतरावांच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला, आणि उचललं.

त्यांचे पाय जमिनीवरून चांगले वीतभर सुटले. मांडव "वाहवा!" म्हणून ओरडला. आणि मग तोच 'टप्'. या वेळी इतका मोठा की डफडेवाल्याचा ठेका चुकला. संपतराव हवेतच माझ्या कानाशी म्हणाले, "इवाई, काय फुटलं?"

मी म्हणालो, "काई नाई. जोडा करकरला."

मी अनवाणी होतो.

त्यानंतर अक्षता पडल्या, सूनमुख झालं, पंगती उठल्या, आणि तो सबंध वेळ मी उजवा हात धोतराच्या निऱ्यांवर ठेवून उभा होतो. लोकांना वाटलं, काय रुबाब आहे! दोन-तीन तरुणांनी तसंच उभं राहून पाहिलं. सुदाम आणि गंगू पाया पडायला आले तेव्हा आशीर्वादाला मी डावा हात वर केला, आणि मामा कुजबुजले, "जवाईबापू, उजवा! उजवा!" त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर बाजू कळली होती.

अमरावतीला परत आलो तो थेट दवाखान्यात. साहेबाने मला आडवं केलं, खोकायला सांगितलं, आणि खोकायच्या आधीच सगळं दिसलं. तो कपाळाला हात लावून खुर्चीवर बसला. करीमभाईने विचारलं, "घड़ा उठाया?"

"घडा नाई," काशी म्हणाली. "इवाई उचलला."

मग साहेबाने करीमभाईमार्फत सांगितलं की तिथली कातडी आता कामाची राहिली नाही. पुन्हा तेच करून उपयोग नाही.

मी विचारलं, "मंग आता?"

माझ्याआधी काशीच पुढे झाली. तिने पदर खोचला आणि साहेबाकडे पाहून सरळ बोलली. "साहेब, ह्यावक्ती कोनाचं बी कातडं लावा. बकऱ्याचं लावा, सोजिराचं लावा, मले जातीचं काई नाई. फक्त ज्याले थोडीशी अक्कल होती, अशा कोनाचं तरी पाहा."

करीमभाईने ते सगळं, एक शब्द न गाळता, इंग्रजीत सांगितलं. साहेब खुर्चीवरून उठला, टोपी काढली आणि माझ्या बायकोला सलाम केला.

मला त्याने पट्टा दिला.